राखीला सुकटीचा वास

नाना एकटेच रेवसला निघतील, ही धास्ती लताच्या मनातून जात नव्हती. शहात्तर वर्षांचं वय, दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालेलं. आणि ज्या बहिणीकडे जायचं, ती आता या जगातच नव्हती. नानांना हे ठाऊक नव्हतं, लताला होतं.

लताचे वडील जीवराम नाना धुळ्याचे, गळ्यात माळ घातलेले. त्यांचे वडील छगन सत्तेचाळीस साली मित्राच्या गावी जायला मुंबईहून रामदास बोटीत बसले. बोट बुडाली. रेवसच्या एका कोळ्याने त्यांना केसाला धरून होडीत ओढलं. त्या कोळ्याच्या मुलीने, हिराअक्काने, पुढे जीवरामला भाऊ मानलं. दर नारळी पौर्णिमेला तिची राखी टपालाने यायची. पाकिटाला सुकटीचा असा वास, की लताची आई म्हणायची, "तुमच्या बहिणीला सांगा, राखी धुऊन पाठव."

नाना राखी बांधलेला हात माळेजवळ नेऊन हुंगत. "हाऊ वास नसता तं मी बी नसतू."

ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात अक्का गेली. तिच्या मुलाचा, नवीनचा, फोन लताने घेतला. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का नको. मग पौर्णिमा आली. लताने आपल्या सासरी, जळगावात, राखी घेतली आणि अक्काच्या नावाने धाडली. आपलं अक्षर ओळखू येईल म्हणून पत्ता लेकीकडून, ऋतिकाकडून, लिहून घेतला. टपालाचा बारीक शिक्का वाचण्याइतकी नजर नानांना उरली नव्हती. एकदाच म्हणून केलं आणि यंदाही केलं. माळकऱ्याच्या घरात वाढलेली ती, पाकीट दोन दिवस देवघरात उदबत्तीजवळ ठेवून मगच पाठवायची.

आज सकाळी नानांचा फोन आला. "लता, राखीले वास नही शे वं."

"पावसात उडाला असेल, नाना."

"मांगला साल बी नव्हता. अक्का आजारी शे. तुमी बठ्ठा मले काही सांगतस नही. आज बारा वाजानी गाडीमा बसस."

"एवढा प्रवास झेपेल का तुम्हाला?"

"मन्हा बाप पानीमा तरना. मी एसटीमा बुडसू का?" नाना हसले आणि फोन ठेवला.

नाना निघालेत, काय करू, असं तिने नवीनला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "ताई, येऊ दे त्यांना. पण दारातून आत आले की समोर आईचा फोटो आहे, हार घातलेला. तो मी काढणार नाही."

काढ म्हणणार तरी कोणत्या तोंडाने? बाजारातून सुकट आणून एक राखी तिच्यात ठेवावी आणि घेऊन जावं, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. स्वतःचीच लाज वाटली. सांगितलं तर नाना खचतील. न सांगितलं तर त्या फोटोपुढे एकटे उभे राहतील.

ऋतिका दप्तर भरता भरता म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी पण पत्ता मीच लिहायचा का?"

लताने मोबाइल हातात घेतला. घड्याळात दहा वाजले होते. धुळ्याला पोचेपर्यंत नानांची गाडी सुटलेली असणार. नानांच्या शेजारच्या मंदाबाईंना तिने मेसेज केला, "नानांजवळ जाऊन बसा, गोळ्या हाताशी ठेवा." "त्यांच्याजवळच बसलेय," असं मंदाबाईंचं उत्तर आलं. तेव्हा अक्काचं सांगायला तिने नानांचा नंबर काढला.