कथेचा शेवट

वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगवर काम करणाऱ्या एक ताई रेडिओसाठी कथा लिहायच्या. आधी सोबतच्या बायांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या; मध्येच कुणी पाणी प्यायला उठली, की तेवढा भाग घरी जाऊन पुन्हा लिहायच्या.

आमच्या अमरावतीच्या रेडिओ केंद्राच्या स्पर्धेत एका वर्षी त्यांची कथा पहिली येत होती. परीक्षकांना फक्त शेवट बदलून हवा होता. मारकुट्या नवऱ्याला सोडून गेलेली बाई परत यावी, एवढंच. तो निरोप मीच फोनवर दिला.

"नाई जमनार, सर," त्या म्हणाल्या. "माही कथा आयकून आमच्यातली एक बाई खरंच माहेरी गेली. तिले आता कोन्या तोंडानं सांगू, वापस ये म्हून?"

बक्षीस दुसऱ्याला गेलं. पुढच्या स्पर्धेसाठी सगळ्यांत आधी त्यांचीच कथा आली. तिच्यातली बाई तर पहिल्याच पानावर घर सोडते.