पाकळी पडेपर्यंत

विजयकर डॉक्टर न लागलेला निकाल कधी शिपायाकरवी पाठवत नसत. परळच्या इस्पितळात सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे तपासणं हे त्यांचं काम, नातेवाइकांशी बोलणं त्यात येतच नव्हतं. पण निकाल लागला नाही, की हे गिरगावकर गृहस्थ चष्मा पुसत स्वतः जिना उतरून नातेवाइकांच्या बाकापाशी यायचे. म्हणायचे, "चांगली बातमी कुणीही सांगेल हो. 'कळलं नाही' हे ज्याला कळलं नाही त्यानंच सांगावं."

माझ्या भावाच्या वेळी असेच आले. वसंता लालबागच्या गिरणीत मागावर, साचेवाला. डोकं दुखायचं, मग फिट्स येऊ लागल्या, आणि मेंदूत गाठ निघाली. कवटीला भोक पाडून सुईने तांदळाएवढा तुकडा काढला होता. कर्करोग असेल तर संपलंच. क्षयाची गाठ असेल तर औषध होतं.

"तुकडा गाठीच्या कडेचा आलाय," डॉक्टर म्हणाले. "नुसती सूज दिसते. गाठ कसली, ते सांगता येत नाही."

माझं टाळकंच सटकलं. "एवढं डोकं फोडलंत, आणि सांगता येत नाही? निदान अंदाज तरी सांगा!"

"अंदाज पापलेटाच्या ताजेपणाचा करावा, बाई. माणसाच्या डोक्याचा नाही. उरलेल्या तुकड्याचे आणखी काप बघतो, दुसऱ्या जाणत्याला दाखवतो. नाहीच कळलं तर पुन्हा सुई, या खेपेला मधोमध."

मी आणखी भांडणार, तोच आई म्हणाली, "गप रव गो! पाकळी पडूक नाय म्हणजे देव नाय म्हणालो असा नाय. परत इचारूचा."

तिच्या डोक्यात गावच्या देवळातला कौल. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, पडलीच नाही तर थांबायचं. गुरव काही बोटाने पाडत नाही.

डॉक्टर खूश! मग येता-जाता म्हणायचे, "आई, अजून पडली नाही हं." मला चीड यायची. आई मात्र पुन्हा जेवू लागली.

काप पाहून झाले, दुसऱ्याला दाखवून झाले, शेवटी पुन्हा सुई घातली. निकालाच्या दिवशी नेमका संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ. बस नाही, ट्राम नाही. आज कोण मरायला येतंय, असं म्हणत मी आईबरोबर बाकावर बसून होते. दुपारी विजयकर गिरगावातून चालत आले, कोट घामाने भिजलेला, आणि तडक वर गेले. उतरले तेव्हा चष्मा पुसत नव्हते.

"पडली, आई. उजवी. क्षय आहे."

मला रडू आवरेना. आईने पेढे वाटले; क्षय झाला म्हणून पेढे वाटणारी बाई आमच्या चाळीने तेवढी एकच पाहिली. विजयकरांनी मात्र हात मागे घेतला. "इंजेक्शनं संपू देत. आत्ता खाल्ला तर तो अंदाज होईल."

पुढे वसंता आपल्या पायांनी तो जिना चढून गेला, तेव्हा त्यांनी दोन पेढे खाल्ले.