जाऊबाईंनी मागितलेली जागा

तो प्रश्न मीच विचारला होता, त्यामुळे त्यानंतर जे झालं त्यातला माझा वाटा मी कधी नाकारलेला नाही.

माझ्या लग्नाचं ते दुसरं वर्ष. सासर आमगावपासून सायकलनं अर्ध्या तासावर. घरात सासूबाई, नवऱ्याचे मोठे भाऊ म्हणजे माझे भासरे, त्यांची बायको म्हणजे माझ्या जाऊबाई, आणि आम्ही दोघं. भासरे जाऊबाईंना मारत. कारण लागायचं नाही. बैल सुटला म्हणून, फोन लागला नाही म्हणून, कधी नुसतं समोर दिसली म्हणून. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर जाऊबाई म्हणायच्या, "पाय घसरला." मी नवीन होते. आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायचे.

रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. दुपारी आम्ही सात-आठ बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डबे उघडून बसलो होतो. मी मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतली घरं पाहत होते, निळं पाणी, पांढऱ्या भिंती. मी म्हटलं, "जगात कुठंही राहायला मिळालं तर कुठं राहाल?"

एकीनं रायपूर सांगितलं, तिची बहीण तिथं दिलेली. एक म्हणाली, "बिरसीले. तिथं इमान उडवाले शिकणाऱ्या पोरायच्या खोल्याइत एसी असते मन्ते." सगळ्या हसल्या. सासूबाई तेवढ्या सुपारी कातरत होत्या.

जाऊबाई म्हणाल्या, "मी आमगावच्या टेशनावर राहीन. वेटिंग रूममंधी."

आता तर आम्ही लोळायच्याच बाकी होतो. त्या मात्र गंभीर होत्या. "हसता कायले? बाप मेला तवा माहेरी जाले निंगाली होती. गाडी दोन घंटे लेट. पंखा होता, नळाले पानी होतं. दोन घंटे कोनी मले हाक नाई मारली, कोनी वरडलं नाई. बाप मेल्याचंबी इसरली मी."

संध्याकाळी जेवताना ही गंमत मी नवऱ्याला सांगितली. गंमत म्हणूनच. त्यानं ती दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवर भावाला सांगितली. तीही गंमत म्हणूनच, असं तो अजून म्हणतो.

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला भासरे बांधीत, भाताच्या खाचरात, उतरले. हातात बैल हाकायची काठी. आम्ही ओळीनं वाकून रोवत होतो, त्यामुळे मला आधी त्यांचे पाय दिसले, मग काठीचा आवाज आला. ओल्या पाठीवर काठी बसली की वेगळाच आवाज येतो.

"टेशनावर रहाचं हाये तुले? कोनासंगं रहाचं हाये? सांग, कोन येते थ्या टेशनावर?"

 दुसरी काठी मानेवर बसली आणि जाऊबाई चिखलात गुडघ्यांवर आल्या. मग भासऱ्यांनी काठी टाकली, बायकोचे केस धरले आणि तिचं तोंड चिखलात दाबलं. मी पाहत होते. जाऊबाईंचे हात पाण्यात आपटत होते, हातातल्या रोपांची जुडी सुटून तरंगत होती. बाकीच्या बाया उभ्या राहिल्या होत्या, पण एकही पाऊल पुढे आलं नाही.

मी जाऊन भासऱ्यांचा हात धरला. लग्न झाल्यापासून मी भासऱ्यांच्या समोर डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता, आणि आता दोन्ही हातांनी त्यांचं मनगट ओढत होते. त्यांनी मागे न पाहता मला हाणलं. कानातली रिंग ओढली गेली, कान फाटला. गरम रक्त गळ्यावरून खाली आलं आणि मी मागे बसले.

सासूबाई याच ओळीत होत्या. एवढा वेळ त्या वाकलेल्याच होत्या. मी शपथेवर सांगते, मी खाली बसल्यावरही त्यांनी दोन रोपं रोवली. मग कंबरेवर हात ठेवून त्या सरळ झाल्या, धुऱ्यावर गेल्या, पाणी वळवायला ठेवलेलं फावडं उचललं आणि चिखलातून हळूहळू मुलाकडे आल्या. त्यांची साठी कधीच उलटली होती. फावड्याची पाठ त्यांनी त्याच्या नडगीवर घातली.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. भासरे ओरडलेसुद्धा नाहीत आधी. आश्चर्यानं आईकडे पाहत एका कुशीवर पडले. सासूबाईंनी दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसऱ्यासाठी फावडं वर गेलं तेव्हा ते किंचाळले, "आई वो! कायले मारतं?"

"तुहा बाप मले याच बांधीत मारे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "तू धुऱ्यावर बसून पाहे. मले वाटे, पोरगं पाहून राहिलं, शिकन. तू हेच शिकला."

जाऊबाई उठल्या होत्या. नाकातोंडातून चिखल गळत होता. त्यांनीच फावड्याचा दांडा धरला. "बस झालं, आई. मरन तो." सासूबाईंनी सोडलं, पण लगेच नाही. थोडा वेळ त्या दोघी तो दांडा दोन्हीकडून धरून तशाच उभ्या होत्या.

ट्रॉलीत घालून भासऱ्यांना गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कैसे टूटा?" भासरे छताकडे पाहत म्हणाले, "पैर फिसल गया." मी कानाला फडकं दाबून शेजारी उभी होते. जाऊबाईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर फाटकाशी नवऱ्यानं मला गाठलं. "तू कायले बोलली ते? सारं घर नासवलं तू." मी म्हटलं, "मी तुम्हाला सांगितलं. भावाला तुम्ही सांगितलं." त्यानं माझ्या थोबाडीत मारली, लग्नानंतर पहिल्यांदा. फाटलेल्याच कानावर बसली. माझ्या हातात तीन पुडांचा स्टीलचा डबा होता, भरलेला. तो मी त्याच्या तोंडावर फेकून मारला नाही, हातात धरून मारला. भुवई फुटली. त्याच दवाखान्यात त्याला चार टाके पडले. आम्ही अजून एकत्र राहतो, दोन मुलं आहेत, आणि त्या दिवसाबद्दल बोलत नाही. त्यानं परत हात उचलला नाही. प्रेमानं की भीतीनं, हे मी विचारलेलं नाही.

भासरे कित्येक महिने खाटेवर होते. सगळ्यांना वाटलं, आता माणूस बदलेल. जाऊबाई त्यांना भरवत, उचलत, धूत. एक दिवस पाणी आणायला उशीर झाला म्हणून त्यांनी पडल्या पडल्या पितळी गडवा फेकला. जाऊबाईंचा पुढचा दात तुटला. त्यांनी तो दात जमिनीवरून उचलला, पदराच्या टोकाला बांधला, वाढलेलं ताट उचलून परत चुलीपाशी नेऊन ठेवलं. दोन दिवस त्या खोलीत कोणीही जेवण घेऊन गेलं नाही. मीही नाही. आतून आधी शिव्या येत होत्या, मग विनवण्या. सासूबाई ओसरीवर बसून धान पाखडत होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पेज नेली आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "तू जाय आता. याले मी पाहतो."

जाऊबाई एक पिशवी घेऊन निघाल्या.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला तिरोड्याला गेले. कामगारांसाठी त्या खानावळ चालवत होत्या. एक खोली, पुढं पत्र्याची शेड, दोन भट्ट्या, दूरवर वीज कारखान्याच्या धुराच्या चिमण्या दिसत. मी विचारलं, "बाई, इथंच का?"

"खोली मिळाली म्हनून," त्या म्हणाल्या. "दुसरं काय?"

तेवढ्यात एक दारू प्यायलेला माणूस आत आला. जेवण दे म्हणाला, मग भाजीवरून काहीतरी घाण बोलला आणि त्यांचा हात धरला. जाऊबाईंनी शांतपणे दुसऱ्या हातानं भाताच्या उकळत्या पाण्याचं गंज, मोठं पातेलं, कलतं केलं. पाणी त्याच्या पायांवर पडलं. तो उड्या मारत, बोंबलत रस्त्यावर गेला. त्या त्याच्यामागे झारा घेऊन धावल्या आणि पाठीत दोनदा, तीनदा, चारदा हाणलं. तो केव्हाच पळायला लागला होता, तरी त्या हाणतच होत्या. तोंडातून शिव्या निघत होत्या, त्या भासऱ्यांच्याच होत्या, शब्दाला शब्द, तोच हेल.

जेवायला बसलेल्यांपैकी कोणी मान वर केली नाही. त्यांना सवय असावी.

जाऊबाई परत आल्या, धापा टाकत. केस सुटले होते. मी नकळत भिंतीला टेकले होते, आणि ते त्यांनी पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला.

"भेली काय वो?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मीबी भेतो कधी कधी," त्या म्हणाल्या. मग पातेल्यात वाकून पाहिलं. भात तळाशी उरला होता. त्यांनी तो दोन ताटांत वाढला, वर वरण घातलं, आणि आम्ही शेडमध्ये शेजारी शेजारी बसून जेवलो.