सेकंडची गिटार आणि पवित्र पाणी

नवी कोरी, फर्स्ट क्लास वस्तू विकत घेणारा माणूस मला कायम भोळा वाटत आला आहे. नवी गिटार दुकानाबाहेर काढली की तिची किंमत उतरते, पहिला ओरखडा पडला की आणखी उतरते. सेकंडच्या मालाचं तसं नाही. त्याची जेवढी अब्रू जायची तेवढी कारखान्यातच गेलेली असते.

वसई पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटीत, परदेशी पाठवायच्या इलेक्ट्रिक गिटारी बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तपासणीत नापास झालेल्या गिटारी तिथे शनिवारी मागच्या शटरमधून निम्म्या भावात मिळतात. कुठे रंगाचा ओघळ, कुठे लाकडात गाठ, पण वाजायला सगळ्या ठणठणीत. फक्त तारा पिळायच्या खुंट्या असतात ना, तिथे पाठीमागे ठसा ठोकलेला असतो, ‘सेकंड’.

मी शाळेत गणित शिकवते. निम्म्या भावात घ्यायची, वर्ष-दीड वर्ष मनसोक्त वाजवायची आणि जवळपास तेवढ्यालाच विकून थोडी बरी घ्यायची, हे मला चटकन जमलं. पहिली लाल होती. ती नालासोपाऱ्याच्या एका कॉलेजकन्येने नेली आणि माझ्यासमोरच ठशावर मांजराचं स्टिकर चिकटवलं. अशा तीन विकल्या. चौथी कच्च्या केळ्यासारखी हिरवी. तिच्या मानेवरच्या पांढऱ्या ठिपक्यांतला एक बसवायचाच राहून गेला होता, एवढाच तिचा गुन्हा.

पण खरं सांगायचं तर माझा डोळा त्याच कारखान्याच्या पुढच्या शोरूममधल्या गिटारीवर होता. काचेआड टांगलेली, मधाच्या रंगाची, ठसा नसलेली. होय, फर्स्ट क्लास! पेपर तपासताना मी समासात तिचं चित्र काढायचे. घरात कपाटापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं कोणाचं तरी वापरलेलं. एक तरी निर्दोष वस्तू माझी असावी, असं मला फार वाटत होतं. हिरवी विकली की ती येणार होती. विरारचे एक बँकेतले गृहस्थ ठशाचे फोटो बघूनही तयार झाले होते आणि रविवारी, आम्ही चर्चमधून मिस्सा करून आल्यावर, आमच्या वटारच्या घरी येणार होते.

आडवे आले ते फादर. म्हणजे त्यांची बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. ईस्टरनंतर ते घरोघरी, वस्तूंवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद द्यायला येतात, आणि आमची पाळी नेमकी त्याच शुक्रवारी आली. सासूबाईंनी, त्यांना मी आई म्हणते, नेहमीसारखं प्रदर्शन मांडलं होतं. शिलाई मशीनचं झाकण उघडं, औषधांचा डबा उघडा, स्कूटर अंगणात धुऊन उभी. आणि सोफ्यावर, क्रोशाच्या रुमालावर टेकवून, माझी हिरवी गिटार.

मी तोंड उघडायच्या आत पवित्र पाण्याचे टपोरे थेंब तारांवर पडले. तारा गंजतील म्हणून मी ओढणी घेऊन धावले. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी ओढणीने स्वतःचंच तोंड पुसलं.

फादर गेल्यावर मी रविवारचं सांगितलं.

“विकतात काय गं आशीर्वादाची वस्तू?” आई म्हणाल्या. “फुकट द्यावी, नायतर ठेवावी.”

“आई, स्कूटरवर दर वर्षी पाणी पडायचं. जुनी स्कूटर आपण विकलीच ना?”

“ती एक्सचेंजमध्ये दिली.”

या वकिलीपुढे माझं काय चालणार? शनिवारी मी थेट फादरांना गाठलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, “खुशाल विक. आशीर्वादाचे जादा पैसे लावू नकोस म्हणजे झालं. विकलीस की आशीर्वाद संपला, परत साधी गिटार.”

मी विजयी मुद्रेने घरी येऊन हे सांगितलं. आई म्हणाल्या, “संपला? म्हणजे उन्हातान्हातून आलेल्या फादरांचा आशीर्वाद तू संपवायला निघालीस?”

रविवारी गृहस्थ आले. गिटार मांडीवर घेतली, दोन सूर छेडले, खूश झाले. आईंनी चहाच्या कपाबरोबर बातमीही पुढे केली. “फादरनी आशीर्वाद दिलाय हो हिला.” ते कप ठेवून पळतील अशी आईंची अपेक्षा असावी. गृहस्थांनी गिटारीला हात जोडले. “मग तर नेतोच! आमच्याकडे नव्या गाडीची पूजा करतात, तसंच ना? हवं तर थोडे वाढवून देतो.”

सेकंडच्या मालाची किंमत वाढलेली मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. फादरांची अट मला त्या क्षणी आठवली नाही, हे कबूल करते. मी गिटारीची पिशवी आणायला तरंगतच आत गेले. आई मागोमाग आल्या.

“बाय, ही नको देऊ.”

“अहो, पुढच्या महिन्यात दुसरी येतेय.”

“मागल्या टायमाला पण पुढचा महिनाच म्हणालीस. तीन महिने घरात आवाज नव्हता.”

“तुम्हालाच तर कटकट होते ना तिची?”

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि उगाच तिची घडी घालायला लागल्या. “तो वर्षातले आठ महिने बोटीवर,” त्या म्हणाल्या. तो म्हणजे माझा नवरा, त्यांचा मुलगा. “तू शाळेतून येतेस नि दार लावून घेतेस. ते वाजायला लागलं की मला कळतं, ही बरी आहे. नाय वाजलं तर मी कोणाला विचारू?”

“म्हणून सोफ्यावर ठेवलीत?”

“तुझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं मी. आशीर्वादाची वस्तू कोण विकत नाय, असं वाटलं मला.”

मधाच्या रंगाची ती गिटार अजूनही हवी होती, अगदी हवीच होती, पण पिशवी मागायला माझा हात काही पुढे होईना.

बाहेर येऊन मी विकायची नाही म्हणून सांगितलं. गृहस्थांना वाटलं, घासाघीस चाललीय. त्यांनी भाव वाढवला, मग आणखी वाढवला. माझ्यातल्या गणिताच्या बाईला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. शेवटी वाडीतली केळ्यांची एक फणी घेऊन ते विरारला परतले, जरासे रागावूनच.

सहा वर्षं मी माझ्या खोलीत वाजवत होते आणि पलीकडे कोणी ऐकत नाही, असंच धरून चालले होते. त्या दुपारी मी दार उघडं ठेवून वाजवलं.