ठिकाण गुप्त

नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात मी तीस वर्षं तपासणी विभागात काढली. मापाचं गेज लावल्याशिवाय साधा नटसुद्धा पास करायचा नाही, ही सवय. निवृत्त झाल्यावर गळ्यात दुर्बीण आली, सवय तीच राहिली. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर कुणी दुर्मिळ पक्षी दिसल्याचं कळवलं, की मी आधी फोटो मागायचो. फोटो नाही तर नोंद नाही. लोक मला 'साहेब' म्हणायचे आणि ते आदराने म्हणत नव्हते, हे मला ठाऊक होतं.

ठिकाण गुप्त ठेवायचा नियमही माझाच. एकदा घुबडाच्या ढोलीपुढे कॅमेरेवाल्यांची जत्रा भरली आणि बिचारं घुबड ढोली सोडून गेलं. तेव्हापासून बातमी द्यायची, जागा मात्र कुणालाही सांगायची नाही.

मला एकच पक्षी हवा होता, नवरंग. मे महिन्यात पावसाच्या पुढे पुढे येतो, दोन-चार दिवस टेकतो आणि निघून जातो. ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसला होता, मला सोडून.

अशाच मेमधल्या एका सकाळी मी घाईघाईने दात घासत होतो. धरणावर ग्रुपची मंडळी थांबली होती. बायको मागच्या दारातून म्हणाली, "अहो, नळापाशी केवढा सुंदर पक्षी आलाय! हिरवा, निळा, शेपटीखाली लाल. या ना बघायला."

"खंड्या असेल," मी फेसासकट निकाल दिला.

"खंड्या मला कळत नाही होय? हा पाचोळा उलटतोय."

"घरामागे दुर्मिळ पक्षी आले असते, तर आम्ही धरणावर कशाला तडफडलो असतो?" म्हणत मी स्कूटर काढली.

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला. नवरंग! खाली ओळ: 'नाशिक परिसर. ठिकाण गुप्त.' टाकला होता ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मी लगेच फोन लावला.

"बाई, मला एकट्याला सांगा."

"नियम तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. आवाजात हसू असावं.

पुढचे दोन दिवस मी उन्हातान्हात भटकलो. थेट विंचूरपर्यंत जाऊन आलो. एका बांधावरच्या झुडपात डोकावत होतो, तर शेतकरी म्हणाला, "काय हरवलं का, बाबा? लय ऊन हाय, सावलीला बसा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन कॉटवर आडवा झालो आणि तो फोटो मोठा करून पाहिला. पक्ष्यामागे नळ होता. नळाला चिंधी गुंडाळलेली, पांढरी, जाळीची. माझ्याच बनियनची. प्लंबर कशाला, म्हणून गळका नळ मीच बांधला होता. तो तसाच गळत राहिला, म्हणून बायको दोन महिने ऐकवत होती. त्या थेंबांनीच तिथला पाचोळा ओला राहिला होता.

धावत मागे गेलो. बायको विळीवर कैऱ्या चिरत होती.

"आहे का गं तो?"

"कालपर्यंत होता. आज नाही आला."

रोज सकाळ-संध्याकाळ यायचा म्हणे. दोन्ही वेळा मी पक्षी बघायला बाहेर. फोटो तिनेच मोबाइलवर काढला होता आणि भजनी मंडळातल्या मैत्रिणीला, म्हणजे बाईंना, पाठवला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांत आधी तुम्हालाच सांगितलं होतं." विळीवरचा हात थांबला नाही.

नवरंग हुकल्याचं वाईट वाटलंच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त लाज वाटली. एवढ्या आनंदाने हाक मारणाऱ्या बायकोला मी गेज न लावताच नापास केलं होतं. ग्रुपच्या वहीत ती नोंद मीच केली, निरीक्षक म्हणून तिचं नाव घालून. माझ्या यादीतली जागा अजून कोरी आहे.

परवा सकाळी तिने मागच्या दारातून पुन्हा हाक मारली. मी तोंडातल्या ब्रशसकट पळालो. नळावर बुलबुल बसला होता, आपला रोजचा.

"बघा तरी," ती म्हणाली.

तो उडून जाईपर्यंत मी बघत राहिलो.