न वाचता पाठवलेलं अभिनंदन

विट्यात शाळेचे गणवेश शिवणारा सिकंदर सांगलीच्या एका साप्ताहिकात पत्रं लिहायचा. गटारं, एसटीचा थांबा, पाणी, असे विषय. छापलेल्या पत्रावर वाचकांनी उत्तरं पाठवायची आणि ती पुढच्या अंकांत यायची. सिकंदरला उत्तर यायचं एकाचंच. पलटणीतून परतून दहिवडीजवळ मेंढरं राखणारा आकाराम प्रत्येक पत्रातली चूक काढायचा. सिकंदर तापायचा. एकदा त्या नादात त्यानं पँटचे दोन्ही पाय डावेच कापले.

१९९६च्या दिवाळीत साप्ताहिकानं जाहीर केलं, दर महिन्यात ज्याच्या पत्राला सर्वांत जास्त उत्तरं येतील त्याला कुकर. पंधरवड्यात साताऱ्याचे निवृत्त कारकून भाऊसो दुकानात हजर.

"तुला धरून बावीस जण झालेत. एकमेकांच्या पत्रांना उत्तरं टाकायची. आळीपाळीनं सगळ्यांच्या घरात कुकर."

"पण लिवायचं काय?"

"विचार पटले, अभिनंदन. आणखी काय, निबंध लिवतोस गड्या?"

अंक विट्यात शुक्रवारी यायचा आणि उत्तरं सोमवारी सांगलीत पोचावी लागायची. म्हणून भाऊसो छापखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून कुणाची पत्रं येणार ती नावं आधीच काढत आणि मंडळी अंक हाती येण्यापूर्वीच पोस्टकार्डं टाकून मोकळी होत.

जानेवारीत गावतळ्यातल्या गाळावरच्या पत्राला सिकंदरला कुकर मिळाला.

"आवं, कुकर आला तरी तोंड का पाडलंय?" त्याच्या बायकोनं, हाजराबीनं विचारलं.

एकवीस जणांना विचार पटले होते. कोणता विचार, ते एकानंही लिहिलं नव्हतं. आकारामचं उत्तर नव्हतं. पुढं दर शुक्रवारी सिकंदर शिवण अर्धी टाकून स्टँडवर जायचा, तिथंच अंकात आकारामचं नाव शोधायचा आणि ते नसलं की घडी न घालताच परत यायचा.

मार्चमध्ये भाऊसोंचा निरोप आला. आकारामचं पत्र येतंय, माणूस आपल्यात ओढायचाय, सगळ्यांनी कार्डं टाका. नाव वाचून सिकंदरचा हात थांबला. अंक यायला दोन दिवस होते. पण त्या आठवड्याची आणखी चार कार्डं समोर होती. त्यानं पाचही एका बैठकीत उरकली आणि पेटीत टाकली.

शुक्रवारी पत्र वाचलं. पाण्यावाचून मेंढरं विकली, असं आकारामनं लिहिलं होतं. पुढच्या अंकात पहिलंच उत्तर होतं: 'विचार पटले, अभिनंदन. सिकंदर, विटा.'

सोमवारी दुकान बंद ठेवून त्यानं दहिवडीची गाडी पकडली. मेंढरं कोंडायची जाळी आकाराम गुंडाळत होता.

"आबा, मी सिकंदर. विट्याचा."

"अभिनंदनवाला?"

"मी वाचलं न्हवतं."

"ते कळलं. मेंढरं इकली म्हणून अभिनंदन करणारा येडा तरी असंल, न्हाई तर न वाचणारा. तुमी येडं न्हाई, येवढं आधीच्या पत्रांवरनं म्हाईत हुतं."

 सिकंदरनं उभ्याउभ्याच विचारलं, "माझ्या गाळाच्या पत्राला उत्तर का न्हाई धाडलं?"

"एकवीस जण टाळ्या वाजवत हुतं. त्यात माझं कोण ऐकतंय? तीन चुका हुत्या."

"कुठल्या?"

"मेंढरांनी तळ्याचा काठ ढासळतो म्हणं. आवं, मेंढराच्या खुरानं माती घट्ट हुती."

सिकंदरनं विचार केला आणि मान हलवली. दुसरी चूक ऐकताच मात्र तो तडकला. "हे तसं न्हाई आबा, मी सोता बघितलंय!" आणि धुळीतच मांडी घालून बसला.

रस्त्यावरनं एसटी गेली. "तुमची गाडी," आकाराम म्हणाला.

"जाऊ द्या. तिसरी सांगा."