एमिल्सच्या बदल्यात

स्टेफा डोरोशला ती बातमी रेडिओवरून कळली. बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंग खेळाच्या क्लबात ती स्वयंपाकीण होती; तिथे दुपारच्या जेवणासाठी बटाटे सोलत होती. फडताळावरचा रेडिओ रोजच्यासारखा गव्हाचे भाव, वाऱ्याचा जोर आणि बंद पडलेले रस्ते सांगत होता. मग खेळाच्या बातम्या लागल्या. केल्डनच्या हॉकी संघाने आपला गोलरक्षक एमिल्स ब्रिटिश कोलंबियातल्या एका संघाला देऊन टाकला होता. बदल्यात केल्डनला येत्या दोन ड्राफ्टमधले, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले, पहिल्या फेरीचे दोन हक्क मिळाले होते. त्यानंतर लगेच हवामान.

स्टेफाने सुरी खाली ठेवली. सकाळीच तर एमिल्स तिच्या हातची अंडी खाऊन, तिच्याच दारातून सरावाला गेला होता.

कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या त्या सपाट मुलखात हिवाळा आला की शेतं झोपतात आणि गाव रिंकवर, बर्फाच्या मैदानावर, जातं. बर्फावरची हॉकी हा केल्डनचा खेळ म्हणण्यापेक्षा केल्डनचं बोलणं होतं. दोन माणसं भेटली की ती त्यातच बोलायची. गावच्या संघात सोळा ते वीस वयाची पोरं खेळत, आणि ती कुठून कुठून आलेली असल्यामुळे गावातल्या घरांमधून राहत. स्टेफा आणि तिचा नवरा नेस्टर यांची मुलगी लग्न करून कॅलगरीला गेली, तेव्हापासून वरची खोली हॉकीच्या पोरांची झाली. बरीच आली, बरीच गेली. कुणी स्केटिंगचे बूट घालून गालिच्यावर चालायचं, कुणी घरच्या आठवणीने न्हाणीघरात नळ सोडून रडायचं. स्टेफाने सगळं निभावलं.

एमिल्स मात्र समुद्रापलीकडून आलेला पहिला. प्रत्येक संघाला परदेशातली दोन पोरं घ्यायची मुभा असते. उन्हाळ्यात सगळे संघ आपापल्या पाळीने नावं पुकारतात, आणि तसा हा लाटवियाचा पोरगा केल्डनच्या वाट्याला आला. दारात उभा राहिला तेव्हा त्याला इंग्रजीचे जेमतेम चार शब्द येत होते. त्यातले दोन चारचौघांत म्हणण्यासारखे नव्हते.

गावाने आधी नाकं मुरडली. कॉफीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांचं एकच पालुपद, "आपल्याकडची पोरं काय संपली का, म्हणून आता नकाशात शोधून शोधून आणायला लागले?"

नेस्टर कपातली साखर ढवळत म्हणाला, "माझा आजा युक्रेनहून आला, त्याला कुठं कुणी ड्राफ्ट केलं होतं? तुझा आजा नॉर्वेचा. आपण सगळे फुकट आलेले. हे पोरगं निदान निवडून तरी आलंय."

एमिल्स दोन हिवाळे राहिला. पहिल्या आठवड्यात त्याने स्टेफाचं बीटचं सार चाखलं, चमचा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाला, "चांगलं. पण चूक."

"चूक म्हणजे?"

"माझी आजी थंड करते. हे गरम. चूक."

"तुझी आजी चुकते," स्टेफा म्हणाली, आणि त्याला आणखी वाढलं. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. तो तिला काकू म्हणू लागला. नेस्टरबरोबर गॅरेजमध्ये बसून तो बर्फ ढकलायचं जुनं यंत्र दुरुस्त करायचा. ते कधी दुरुस्त झालं नाही, पण दोघांनाही त्याचं काही नव्हतं. आणि रिंकवर तो गोलाच्या तोंडाशी असा उभा राहायचा की नाकं मुरडणारे म्हातारे त्याच्या नावाने ओरडून घसे बसवायला लागले. केल्डनचा संघ तरीही हरत होता. एकटा गोलरक्षक काय काय अडवणार?

त्या दुपारी स्टेफाने बटाटे तसेच पाण्यात टाकले, कोट चढवला आणि तडक रिंकवरच्या व्यवस्थापकाच्या खोलीत शिरली. संघाचा व्यवस्थापक गार्थ पेडरसन तिच्याच वर्गातला. शाळेत असताना तिची गणितं बघून लिहायचा.

"बस ना, स्टेफा."

"बसायला नाही आले. काय दिलं त्यांनी तुला एमिल्सच्या बदल्यात?"

"दोन हक्क. एक पुढच्या वर्षीचा, एक त्याच्या पुढच्या."

"हक्क म्हणजे कोण? नाव सांग त्याचं."

"नाव नाही अजून. आमची पाळी येईल तेव्हा आम्ही निवडू. आत्ता ते पोरगं कुठेतरी शाळेत असेल."

"म्हणजे घरात उभं असलेलं पोर दिलंस, आणि त्याच्या बदल्यात कुठल्यातरी शाळेतलं, तोंडही न बघितलेलं पोर घेतलंस? ते पण कदाचित?"

"खेळ असाच चालतो, स्टेफा."

"गुरांच्या बाजारातसुद्धा दात बघून घेतात रे!"

गार्थ उठून खिडकीपाशी गेला. रिंकवरच्या रिकाम्या बाकांकडे बघत राहिला. त्याच्या त्या पाठमोऱ्या उभं राहण्याने स्टेफा जास्तच भडकली. जाताना तिने दार असं आपटलं की बाहेरच्या भिंतीवरची जुन्या संघाची तसबीर वाकडी झाली.

घरी एमिल्स बॅग भरत होता. विमानतळावर सोडायला गाडी यायची होती. स्टेफाने त्याच्यासाठी पाव, चीज, उकडलेली अंडी बांधली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"मी सुनावलं त्या गार्थला," ती म्हणाली. "चांगलं सुनावलं."

एमिल्सने मान आणखी खाली घातली. "काकू, तो वाईट माणूस नाही."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस. तुला विकलं त्याने."

त्याने तिला घट्ट मिठी मारली आणि गाडीत जाऊन बसला. नेस्टर रस्त्यापर्यंत गेला आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही तिथेच थांबला. आत आला तेव्हा त्याच्या भुवयांवर बर्फ गोठला होता.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी," तो म्हणाला. "उभं पीक देऊन बियाणं घेतलंय गार्थने. उगवतं का बघू."

उगवलं नाही. त्या दोन हक्कांपैकी एकातून मॅनिटोबाचा एक पोरगा आला, धिप्पाड, हसरा, आणि पहिल्याच हिवाळ्यात गुडघा मोडून घेऊन घरी गेला. दुसरा हक्क गार्थने आणखी कुणाला दिला, त्या संघाने तिसऱ्याला, आणि शेवटी त्यातून कोण निघालं ते केल्डनमध्ये कुणाला सांगता आलं नसतं. संघ हरतच राहिला. गार्थला काढून टाकलं. तो ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा राहू लागला.

स्टेफाने संघाला कळवलं की आमची खोली आता मिळणार नाही. रिंकवर जाणंही सोडलं. गार्थ अधूनमधून कर्लिंग क्लबात जेवायला यायचा. ती त्याच्यासमोर गार झालेली कॉफी ठेवायची, पण त्याच्याशी शब्दही बोलायची नाही. लहान गावात अबोला धरणं सोपं नसतं. दुकानात, चर्चमध्ये, मयताला, सगळीकडे तेच माणूस समोर येतं. स्टेफाने ते वर्षानुवर्षं नेटाने केलं.

एमिल्सचं नाव मोठं झालं नाही. मोठ्या व्यावसायिक संघांनी त्याला घेतलं नाही. तो जर्मनीत खेळला, डेन्मार्कमध्ये खेळला, मग पाठीने दगा दिला तसा घरी परतला. नाताळला त्याचा फोन यायचा. आणि एके वर्षी वसंतात त्याने फोनवर सांगितलं की लग्न करतोय, आणि काका-काकू आले नाहीत तर चर्चमध्ये पुढचा बाक रिकामा ठेवीन, सगळ्यांना दिसेल असा.

"हे काय बोलणं झालं?" स्टेफा म्हणाली.

"धमकी आहे," नेस्टर म्हणाला. "चल, पासपोर्ट काढू."

लग्न लाटवियातल्या वाल्मिएरा नावाच्या गावात होतं. जूनमधले दिवस, संपता न संपणारा उजेड. लग्नाच्या आदल्या दिवशी एमिल्स दोघांना आपली रिंक दाखवायला घेऊन गेला. तो आता तिथे लहान मुलांना शिकवायचा. बाहेर लोक उन्हात आइस्क्रीम खात होते आणि आत बर्फावर चिमुरडी पोरं धडपडत होती. त्यात मुलीही होत्या, आणि बापाच्या नोकरीपायी स्पेनहून आलेला एक मुलगाही होता. नेस्टर कठड्याला टेकून तोंडभर हसत होता. "बघ तरी, जूनमध्ये हॉकी! केल्डनमध्ये सांगितलं तर मला दवाखान्यात घालतील."

स्टेफा मात्र एमिल्सकडे बघत होती. तो वाकून एकेकाला उठवत होता. तिच्या मनात जुनं सगळं वर आलं.

"तू केल्डनलाच राहिला असतास तर कदाचित पुढे गेला असतास," ती म्हणाली. "त्या गार्थने तुझं वाटोळं केलं. अजून बोलत नाही मी त्याच्याशी."

एमिल्स सरळ उभा राहिला. "अजून बोलत नाही?"

"नाही."

"काकू, त्याने तुम्हाला कधी सांगितलंच नाही?"

"काय सांगायचं होतं?"

तो कठड्यापाशी आला. त्याचा चेहरा बॅग भरताना होता तसाच झाला. "मीच मागितलं होतं. आपण हरत होतो, व्यावसायिक संघांसाठी निवड करणारी माणसं आपल्याकडे फिरकतसुद्धा नव्हती. मला वाटलं, जिंकणाऱ्या संघात गेलो तर कुणीतरी बघेल. गार्थला म्हटलं, मला ब्रिटिश कोलंबियातल्या त्या संघात पाठवा. आणि म्हटलं, काकूंना नका सांगू मी मागितलं म्हणून. तुमच्या घरात जेवत होतो मी. तुमच्यासमोर उभा राहून, मला इथून जायचंय, हे तोंडातून निघेना."

"आणि तो?"

"तो म्हणाला, बरं."

स्टेफा वळली आणि रिंकबाहेर गेली. नेस्टर मागून आला तेव्हा ती फुटपाथवर उभी होती, हाताची घडी घालून.

"पोरगं अठराचं होतं गं," नेस्टर म्हणाला.

"माहितेय मला किती वर्षांचं होतं. त्याचे मोजे मीच धूत होते."

लग्नात ती पुढच्या बाकावर बसली, पण दिवसभर एमिल्सशी धड बोलली नाही. संध्याकाळी तोच येऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने नाचायला हात पुढे केला. ती म्हणाली, "मी रागावलेय." तो म्हणाला, "रागावूनच नाचा." मग नाचली. नाचताना तिला रडू आलं. ते कशाचं होतं हे तिला नीट कळलं नाही. पोरगं तिच्या घरातून स्वतःहून जाऊ बघत होतं, हे लागलं होतंच. पण त्याहून जास्त तिला ते आपटलेलं दार, ती थंड कॉफी आणि काउंटरपलीकडचा गार्थ आठवत होता.

केल्डनला परतल्यावर ती ट्रॅक्टरच्या दुकानात गेली. गार्थ एका शेतकऱ्याला पट्टा शोधून देत होता. शेतकरी जाईपर्यंत ती थांबली.

"काय हवंय, स्टेफा?" त्याने विचारलं, जणू कालच बोलणं झालं होतं.

"एमिल्सने सांगितलं मला."

गार्थने हात पुसले. "अच्छा."

"एवढंच? अच्छा? माणसा, मी तुझ्याशी इतकी वर्षं बोलले नाही!"

"कॉफी देत होतीस की. थंडगार असायची, पण देत होतीस."

"का नाही सांगितलंस?"

"पोराला शब्द दिला होता. आणि कुणीतरी वाईट व्हायलाच हवं होतं ना? तुला त्याच्यावर रागवायला लावण्यापेक्षा माझ्यावर रागावलेली बरी. मला सवय होती. अख्खं गाव रागावलेलं होतं."

स्टेफा काउंटरवर हात ठेवून उभी राहिली. "त्याच्या बदल्यात दुसरा कुणी संघ जास्त देत होता?"

गार्थने हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं. "एक संघ तयार खेळाडू देत होता. मोठ्या वयाचे दोन, उद्यापासून खेळणारे. पण पोराला तिथे जायचं नव्हतं. मी सतरा वर्षांचा असताना मला न विचारता फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकला टाकलं होतं. सगळा हिवाळा कुणाचं बोलणं कळेना. ते डोक्यात होतं." मग तो हसला. "पण मला फार साधू समजू नकोस. मला खरंच वाटलं होतं, त्या दोन हक्कांतून सोनं निघेल. कागदावर ते फार चांगले दिसतात. ज्या पोराचं तोंड बघितलं नाही, त्याचे दोष दिसत नाहीत ना. तो माझा मूर्खपणा. एमिल्सचा त्यात काही दोष नाही."

"माझं चुकलं, गार्थ."

"शाळेत तुझी गणितं बघून लिहायचो. फिटलं समज."

त्या रविवारी स्टेफाने त्याला घरी जेवायला बोलावलं. नेस्टर आणि तो जेवणानंतर गॅरेजमध्ये गेले. तिला खिडकीतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत नेस्टरने एका शब्दानेही तिला सांगितलं नव्हतं की त्याला गार्थची, आपल्या जुन्या मित्राची, उणीव भासते.

उन्हाळा संपता संपता तिने संघाच्या कार्यालयात जाऊन सांगितलं, खोली रिकामी आहे. त्यांनी कझाकस्तानचा एक पोरगा पाठवला. तिमुर त्याचं नाव, चपळ, डाव्या हाताने खेळणारा, आणि भलता मोठ्याने घोरणारा. कॉफीच्या टेबलावर आता कुणी नाकं मुरडत नव्हतं. उलट दोघा म्हाताऱ्यांचं, कझाकस्तान रशियाच्या खाली की वर, यावर कडाक्याचं भांडण झालं.

तिमुर दारातून आत आला तसं स्टेफाने त्याला समोर उभं केलं.

"ऐक. इथे जेवणाच्या वेळा पाळायच्या. ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नाही. आणि कधी दुसऱ्या संघात जावंसं वाटलं, तर आधी मला सांगायचं. मी रागावेन. रडेनसुद्धा. तरी मलाच सांगायचं. समजलं?"

पोराने घाबरून नेस्टरकडे पाहिलं.

"अगं," नेस्टर म्हणाला, "त्याला आधी पायातले बूट तरी काढू दे."

दुसऱ्या हिवाळ्यात तिमुरने सांगितलं. रविवारी दुपारी, ती कणीक मळत असताना, तो समोर येऊन बसला आणि म्हणाला की पूर्वेकडचा एक संघ त्याला मागतोय आणि त्यालाही जायचंय. स्टेफा रागावली नाही. मळत राहिली. मग तिने विचारलं, "तिथे कुणाच्या घरी राहणार?" त्याला माहीत नव्हतं.

"त्या संघाचा फोन नंबर काढ," ती म्हणाली, "तू घोरतोस हे आधी तिथल्या घरच्या बाईला सांगायला हवं."